थोरलीचे प्लग

भावोजी,

दूध खाली उतरवलं, अंथरुणं कठड्यावर टाकली, ओल्या कपड्यांचे पिळे झटकून दोरीवर घातले आणि चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले. रविवारची सकाळ, विशेष काही नाही. पण थांबा, मी सरळ कामालाच लागले, नमस्कार राहिला. तुम्ही ह्यांचे धाकटे भाऊ, तेव्हा साष्टांग वगैरे नको, नुसताच नमस्कार घ्या. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना उतरताना शूरपणा दाखवू नका. तुमच्या साखरेचं विचारत नाही, कारण खरं तुम्ही सांगणार नाही. मी बरी आहे. जेवते, वाचते, झोपही येते. हे गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं, पण केर तेवढाच निघतो.

तर मागच्या दारी थोरली उभी होती. (हे पत्र जाऊबाई वाचणारच, म्हणून खुलासा: थोरली म्हणजे ह्यांची पिकअप. ती ह्यांच्याकडे माझ्याआधी आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी, असं हे चारचौघांत सांगायचे आणि मी चारचौघांत हसायचे.) मागे तुम्ही आलात तेव्हा तिला सुरू केलीत, ती खोकली, थरथरली, बंद पडली, आणि बॉनेट न उघडताच तुम्ही निकाल दिलात, "इंजिन गेलं, वहिनी. भंगारात जायच्या आत काढून टाकू." गिऱ्हाईकही तुम्हीच शोधलंत, रविवारी संध्याकाळी येईल म्हणालात. मी मान हलवली. त्याला तुम्ही होकार धरलात, ह्यात तुमचा दोष नाही. माझी मान कधी कशासाठी हलते हे ओळखायला ह्यांनाही बरीच वर्षं लागली.

तुम्ही गेलात आणि पाठोपाठ रोपवाटिकेचे मालक येऊन गेले. ह्यांनी जन्मभर त्यांच्याच कुंड्या आणि रोपं घरोघर पोचवली. चपला पायात सरकवता सरकवता म्हणाले, "वहिनी, दुसरा गाडीवाला बघायची वेळ आलीय. पण सोमवारी सकाळी थोरली आमच्या दारात लागली, तर काम तुमचंच." मला चालवता येते हे त्यांनी पाहिलंय, ह्यांचा हात मोडला होता तेव्हा हे शेजारी बसून सूचना करायचे आणि मी त्या न ऐकता चालवायचे. तेव्हा आता बघा, रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक, सोमवारी सकाळी काम, आणि ह्या दोहोंच्या मध्ये थोरलीचा खोकला. मी गॅरेजवाल्याला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. डॉक्टरने छाती तपासावी तसा तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "प्लग गेलेत. गाडी इकडे घेऊन या." म्हटलं, येण्याजोगी असती तर तुला खोकला कशाला ऐकवला असता. तर म्हणाला, "मग मीच येतो, पण पुढच्या आठवड्यात."

आता तुम्हाला माहीतच आहे, माझी शाळा अर्ध्यावर सुटली, तेव्हापासून मी हाताला लागेल ते वाचते. औषधाच्या बाटलीवरचं, सामानाच्या पुडीचं, जाऊबाईंनी दिलेलं ते वजन कमी करण्याचं पुस्तकसुद्धा शेवटपर्यंत वाचलं (वजन आहे तेवढंच आहे). थोरलीच्या पेटीत तिचं माहितीपुस्तक होतं, ग्रीसने पानं माखलेली. ते मी शनिवारी दुपारी कादंबरीसारखं वाचून काढलं. दुकानात प्लग आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गाडीचे?" मी बोलून गेले, "थोरलीचे." त्याने लगेच बरोबर चार प्लग काढून दिले. मग पुडा बांधता बांधता म्हणाला, "मास्तर स्वतः यायचे, तेव्हा तुमच्या तक्रारी सांगायचे." ह्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही, पण त्या दुकानात ते मास्तर होते आणि मी तक्रार होते, हे मला ह्या वयात कळलं.

तर रविवारी चहा संपवून मी बॉनेट उघडलं. पुस्तकात लिहिलंय, इंजिन थंड असल्याची खात्री करून घ्या. थोरली कधीची थंड होती, तरी मी हात लावून पाहिला. आत चार जाड वायरी होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक प्लग, आणि प्रत्येकीला लोकरीचा तुकडा बांधलेला, दोन गाठी मारून. एक राखाडी, एक पिवळा, एक हिरवा, एक तांबडा. ह्यांची काहीतरी खूण असेल म्हटलं, आणि कामाला लागले. काम म्हणजे माझ्या पद्धतीने. फळी आवरायची तर आधी सगळे डबे खाली, मग फळी पुसायची, मग डबे वर. तशा मी चारही वायरी एकदम उपटल्या, खालचे खड्डे फुंकून साफ केले, वायरी एकेक करून ओल्या फडक्याने पुसल्या आणि सुकायला मोकळ्या सोडल्या. जुने प्लग निघाले, फक्त शेवटचा हटून बसला. पाना कमी पडला, म्हणून मी त्याच्या दांड्यावर पाण्याच्या नळाचा जुना तुकडा चढवला, स्टुलावर उभी राहिले आणि माझं सगळं वजन त्यावर टाकलं. (जाऊबाईंना सांगा, त्या पुस्तकाने मी बारीक झाले असते तर तो प्लग आजही आतच असता.) नवे प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवले, बरणीचं झाकण आट्यात बसतंय की नाही हे बघावं तसं, आणि मग पान्याने आवळले. इथपर्यंत मी स्वतःवर इतकी खूश होते की दुसरा चहा केला.

चहा पिता पिता पुस्तकाची चिकटलेली दोन पानं सुटली. आतल्या पानावर ठळक लिहिलं होतं: एका वेळी एकच वायर काढावी, अन्यथा क्रम चुकेल. हे असं वाक्य आधीच्या पानावर लिहायला काय हरकत होती, हे मला त्या लेखकाला विचारायचं आहे.

क्रम मला कुठला माहीत. मी वायरी आपल्या दिसायला बऱ्या दिसतील अशा लावल्या, तांबड्याशेजारी पिवळी वगैरे, आणि किल्ली फिरवली. असा बार झाला की मागच्या नळकांड्यातून काळा धूर निघून थेट शेजारच्या इस्त्रीवाल्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर गेला. ते धावत आले, हातात तापलेली इस्त्री तशीच. "वहिनी, काय उडवलंत?" म्हटलं, काही नाही, प्लग बदलले. ते म्हणाले, "मग जुनेच चांगले होते." चादरी मीच धुऊन दिल्या. पण पिळताना डोक्यात ती राखाडी लोकर घोळत राहिली. तसली राखाडी पुन्हा कुठे मिळालीच नव्हती. लग्नानंतर ह्यांच्यासाठी पहिला स्वेटर विणला त्याची ती लोकर, एक बाही दुसरीपेक्षा लांब झालेला. ओल्या हातांनीच येऊन पाहिलं. पिवळी आमच्या लेकीच्या स्वेटरची. तांबडी माझ्या स्वतःच्या, सगळ्यांचं वाढून झाल्यावर शेवटी आपलं पान घ्यावं तसा विणलेल्या. आणि हिरवी, भावोजी, तुमच्या. जो तुम्ही "टोचतो" म्हणून एकदाही घातला नाहीत.

ह्यांना वायरींचा क्रम लक्षात राहत नसे, म्हणून माझ्या विणकामाचा क्रम लक्षात ठेवला होता. भावोजी, स्वेटर हातात दिला की हे "बरा आहे" म्हणायचे आणि रेडिओ लावायचे. मला वाटायचं, ह्यांना लोकर आणि गोणपाट सारखंच. आणि टोपलीतली उरलेली लोकर नाहीशी व्हायची, त्याबद्दल मी वर्षानुवर्षं मांजरीला शिव्या घातल्या. मांजर मेली बिचारी, तेव्हाही तो डाग तिच्यावर होता. मी स्टुलावर थोडा वेळ बसले. इस्त्रीवाले कुंपणापलीकडून म्हणाले, "आता काय झालं?" म्हटलं, काही नाही, धूर गेला डोळ्यांत. ते म्हणाले, "धूर तर कधीच विरला." मग तेच आत निघून गेले. भला माणूस आहे.

पहिला नंबर समोरच्या जाळीकडचा, एवढं पुस्तकात होतं. राखाडी, हिरवी, पिवळी, तांबडी अशा लावल्या, कारण तुमचा स्वेटर मी लेकीच्या आधी विणायला घेतला होता. पुन्हा बार. (चादरी तोवर आत घेतल्या होत्या.) मग आठवलं, तुमचा सुरू केला खरा, पण तुम्ही माप द्यायला आलातच नाही, म्हणून तो एका बाहीवर पेटीत पडून होता आणि मध्ये लेकीचा होऊन गेला. ह्यांनी हे सुद्धा लक्षात ठेवलं होतं. राखाडी, पिवळी, हिरवी, तांबडी. किल्ली फिरवली. थोरली एकदा शिंकली आणि मग अशी चालू लागली की स्टुलावरचा कप जागचा हलला नाही.

असो. लांबलं पत्र. मुलांना आशीर्वाद, जाऊबाईंना गुडघ्याला शेक द्यायला सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळी आलं होतं. थोरलीचा आवाज ऐकून "ठरल्यापेक्षा जास्त देतो" म्हणाले. त्यांना चहा दिला. ह्या वेळी मी मान आडवी हलवली, आणि त्यांना ती लगेच कळली.

दुसरा ता. क. गाडीची कागदपत्रं तुम्ही त्यांना दाखवायला घेऊन गेला आहात, ती परत पाठवा. पत्र खरं एवढ्यासाठीच होतं. तोवर मला पोलीस चौकीचा चौक टाळून लांबच्या रस्त्याने जावं लागतं.

तिसरा ता. क. हिरव्या लोकरीचा तुकडा जळत आलाय आणि टोपलीत हिरवी उरली नाही. तुमच्या स्वेटरचा खालचा काठ थोडा उसवून वीतभर लोकर कागदांसोबत पाठवा. नाहीतरी तो टोचतो.

शेवटचा ता. क. सोमवारी सकाळी दूध तापवलं, अंथरुणं घडी करून ठेवली, आणि थोरली नेऊन रोपवाटिकेच्या दारात लावली.