नवा पट्टा आणि कच्चे बटाटे

तीर्थरूप मामा,

एकाच हाताने नमस्कार करतो, राग मानू नये. दुसऱ्या हाताचा अंगठा सध्या पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला आहे, त्याचं कारण पुढे ओघात येईल. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा रक्तदाब कसा आहे? (चढा असेल तर आधी गोळी घ्या, मग पुढचं वाचा.) इकडे सगळे मजेत. तुमची बहीण माझ्याशी बोलते, बाबा माझ्याशी तुमच्या बहिणीमार्फत बोलतात आणि मी कोणाशीच बोलत नाही, असं एकंदर सुरळीत चाललं आहे.

माझं आयुष्य बदललं ते मी दार आपटलं त्या क्षणी. तुम्ही म्हणाल, हा तर रोजच दार आपटतो, मग आयुष्य रोज बदलायला हवं होतं. पण हे आपटणं वेगळं होतं. कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं हे आईने तुम्हाला रडून सांगितलंच असेल (प्राचार्य मला "चालता हो" म्हणाले नव्हते, "खाली बस" म्हणाले होते, पण अपमान कशात मानायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं). त्या दिवशी बाबा चष्म्याच्या दुकानातून आले ते चपला काढता काढताच म्हणाले, "मग? पुढे काय?" मी म्हटलं, "पुढे भिंत." आणि खोलीत जाऊन, बारावीला तुम्ही बक्षीस दिलेला रेकॉर्ड-प्लेअर होता नव्हता तेवढा आवाज सोडून लावला आणि वर दार आपटलं. बिजागऱ्या हादरल्या, टेबल हादरलं, सुईने उडी मारली आणि गाण्याची एक अख्खी ओळ गिळून टाकली. मामा, ती गिळलेली ओळ भिंतीपलीकडून एका मुलीने म्हटली. अगदी सहज, माझं मशीन अडखळलं की सांभाळून घ्यायचं हे जणू तिचं नेहमीचंच काम असावं तशी. मग ती रेकॉर्डबरोबर शेवटपर्यंत गात राहिली आणि मी दाराची मूठ धरून तसाच उभा राहिलो. पुढे भिंत आहे असं मी म्हणालो होतो, ते असं खरं ठरलं.

शेजारी नवं बिऱ्हाड आलंय एवढं मला माहीत होतं. त्यात ती आहे, ती औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते, तिच्याकडे स्वतःचं मशीन नाही आणि कित्येक महिने ती माझ्याच रेकॉर्डवर रोज संध्याकाळी गळा तयार करतेय, हे सगळं आईला ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नाही. ("तू विचारलंस कधी?" आई म्हणाली.) मग जिन्यात एकदा समोरासमोर आलो. मी काहीतरी भारदस्त बोलायच्या तयारीत असताना तीच म्हणाली, "तुमच्याकडचं ते गाणं फार छान आहे हो. फक्त खरखर जरा जास्त आहे." आणि औषधाचा वास मागे ठेवून वर निघून गेली. दुसरा कोणी असता तर "हो ना" म्हणून गप्प बसला असता. मी त्याच पायरीवर शपथ घेतली की खरखर तरी राहील नाही तर मी तरी.

तुम्हाला लिहिलं, तुमचं सविस्तर उत्तर आलं. आधी रेकॉर्डी स्वच्छ कर, मग मशीन समपातळीत ठेव, मग पट्टा बघ, आणि एका वेळी एकच गोष्ट कर, असं तुम्ही खाली रेघ मारून लिहिलं होतं. मामा, तुम्ही प्रेमात पडलात त्याला फार वर्षं झाली. मी सगळं एकाच दिवशी केलं. रेकॉर्डी भांड्यांच्या साबणाने धुतल्या (मधले कागद सुटून आले, त्यामुळे आता कुठलीही रेकॉर्ड लावली की आश्चर्याचा धक्का बसतो) आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या. एक चिमट्यात बसेना म्हणून खिडकीत उन्हात ठेवली, तिची परात झाली. आई तिच्यात आता कांदे ठेवते आणि आल्यागेल्याला "हे आमच्या मुलाचं संगीत" म्हणून दाखवते. सुईच्या दांड्यावर मी पूर्वी चिकटपट्टीने नाणी चिकटवली होती, ती काढली; सुई रेकॉर्डीवर अशी टेकली की जणू माफी मागतेय. मग टेबल हलू नये म्हणून मागच्या मोरीतला कपडे धुवायचा दगड मशीनखाली घालायचं ठरवलं. तो दोघांनी उचलायचा असतो हे उचलल्यावर कळलं. अंगठ्याचं कारण ते. वर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवून पातळी तपासत होतो, तेवढ्यात बाबा आत आले आणि आईला म्हणाले, "त्याला विचार, इथे गाणं लागणार आहे की कपडे धुवायचेत."

गाण्याचा आवाज खोलीत घुमू नये म्हणून भिंतीवर जाड रजई टांगा, असंही तुमचं म्हणणं होतं. मी तिघांच्याही रजया टांगल्या. आवाज काय सुंदर झाला म्हणून सांगू. फक्त पलीकडून काहीच येईना. मला वाटलं, ती भारावून गप्प झाली. संध्याकाळ झाली, दुसरी झाली, ही आपली भारावलेलीच. शेवटी आईने भाजी चिरता चिरता विचारलं, "अरे, रजया नेमक्या कुठल्या भिंतीवर लावल्यास?" (त्याच भिंतीवर.) त्या काढल्या आणि भरपाई म्हणून दोन्ही स्पीकरची तोंडं भिंतीकडे केली. आता खोलीत बसणाऱ्याला स्पीकरची पाठ ऐकू येते. बाबांनी आईमार्फत विचारलं, "या घरात गाणं नक्की कोणासाठी लागतं?" आई नुसती हसली. त्याचा मला भयंकर राग आला.

आणि मग तुमचा नवा पट्टा आला. माप चुकू नये म्हणून मोटरवरून थाळी फिरवणारा तो जुना, ताणून सैल झालेला पट्टा मी तुम्हाला पाठवला होता, त्याच्यावरून तुम्ही नेमका मिळवलात, याबद्दल तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. तो चढवला, रेकॉर्ड लावली आणि खरखर, डुगडुग, सगळं गायब. बाबा दारात थबकले आणि चक्क माझ्याकडे बघून म्हणाले, "हा गवई इतका तरुण होता होय?" त्या "पुढे काय?" नंतर ते थेट माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

फक्त पलीकडे एक घोटाळा झाला. ती नेहमीसारखी गायला लागली आणि वरच्या ओळीवर तिचा आवाज चिरकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी भिंतीतून गाण्याऐवजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ऐकू आल्या (त्या मात्र अगदी स्वच्छ, पट्ट्याची कमाल). जिन्यात भेटली ती गळ्याला मफलर गुंडाळून. कुजबुजत म्हणाली, "तुम्ही मशीन बदललंत का हो?" मी आयुष्यात प्रथमच नम्रपणा करायचं ठरवलं आणि म्हटलं, "छे हो. तेच आहे जुनं." तेव्हा तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मग माझाच गळा गेला." येत्या रविवारी सभागृहात गायकवृंदासाठी निवड आहे, तिथे ती हेच गाणं म्हणणार होती. आता उद्या जाऊन नाव काढून घेणार आहे. मी तिला आलं, मध, विश्रांती, सगळं सुचवलं. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला.

बाकी सर्व ठीक. पट्टा उत्तम आहे. मामींना सांगणे की गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाचा (एकुलता, म्हणून निभावून न्या)

ता. क. वरचं पत्र पाकिटात घालून जेवायला बसलो होतो. बटाटे कच्चे निघाले. बाबा एक फोड दाताखाली धरून आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? त्याला विचारा. इतकी वर्षं रेकॉर्डीची एक बाजू संपली की बटाटे शिजलेले असायचे. नवा पट्टा बसवल्यापासून बाजूच लवकर संपते." मामा, माझ्या हातातला घास हातात राहिला. जुना पट्टा सैल होता, म्हणून थाळी हळू फिरायची, म्हणून गाणं खालच्या स्वरात यायचं. तिने महिनोन्महिने त्या खालच्या स्वरावर गळा बसवला, आणि मी एका दुपारीत गवयाला तरुण करून स्वर वर चढवून ठेवला. तिच्या गळ्याला काही झालेलं नाही. झालंय ते माझ्या मशीनला, आणि ते मी तिच्या तोंडावर नाकारून बसलोय. तेव्हा मुख्य विनंती ही, जिच्यासाठी हे सगळं पत्र आहे असं समजा: जुना पट्टा मिळेल त्या पहिल्या माणसाबरोबर परत पाठवा. धुऊ नका, गरम पाण्यात घालून घट्ट करू नका, आहे तितकाच ढिला हवा. तिला कळायच्या आत चढवतो. गळा बरा झाल्याचं श्रेय आल्याला देऊ.

ता. क. २. टाकून दिला असेल तर मामींच्या शिवणयंत्राचा चालेल का?

ता. क. ३. पट्टा पाठवू नका. आत्ता मशीन बंद आहे आणि पलीकडे ती एकटीच गातेय, हळू, कोणी ऐकत नाही अशा समजुतीने. तीच वरची ओळ आली आणि सरळ वर गेली, कुठेही न चिरता. मग ती मध्येच थांबली. रडते आहे की हसते आहे हे भिंतीतून कळत नाही, त्याच्यावर तुमच्याकडे काही उपाय नसावा. तिला माझं मशीन नको आहे, मामा. तिला एवढंच कोणीतरी सांगायला हवं, की नाव काढू नकोस, बाई, चूक पट्ट्याची होती. आणि पट्ट्याची म्हणजे कोणाची तेही. (तरी जुना पट्टा टाकून देऊ नका. ती काय म्हणते त्यावर पुढचं अवलंबून आहे.)

ता. क. ४. हे जिन्यात, पाकीट भिंतीला टेकवून लिहितोय. मी उठलो तेव्हा बाबा खोलीत आले, स्वतःच्या हाताने रेकॉर्ड लावली, स्पीकरची तोंडं आपल्याकडे फिरवली आणि डोळे मिटून बसले. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं. मूठ दोन्ही हातांनी धरून, अंगठ्यासकट, इतकं हळू की सुई जागची हलली नाही. आतून बाबा आईला विचारतायत, "तो गेला, की आहे अजून?"