परत गेलेलं ताट

८ जानेवारी, गुरुवार
काल नजमा ताट घेऊन आली होती. वर क्रोशाचा रुमाल. मी दारातच म्हटलं, "आता नको गो." ती क्षणभर उभी राहिली, मग वळली आणि कुंपणाच्या फटीतून परत गेली. शिऱ्याचा वास तेवढा मागे राहिला.
तिचे वडील, उस्मानभाई, सोमवारी गेले. मयताच्या घरचं बारा दिवस खायचं नाही हे माझ्या हाताला इतकं ठाऊक, की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. कुणाच्याही घरचं खाल्लं नसतं. सख्ख्या बहिणीच्याही.
पण नजमाची पाठ डोळ्यांपुढून हलत नाही.

११ जानेवारी
अंगात त्राण नाही. झाडलोट अर्धी, भांडी तशीच.
नजमाची आई रुकय्या आणि मी एकतीस वर्षं शेजारी. तिचा नवरा नि माझा, दोघे खाणीवरचे ट्रक हाकायचे, आमोण्याच्या धक्क्यापर्यंत. एकाचा टायर फुटला की दुसरा थांबायचा. चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा रुकय्या तेरा दिवस पेज आणायची. नणंद तिला म्हणायची, "थंयच दवर, पायरेर." ती पायरीवर ठेवायची आणि तिथेच बसायची, मी जेवेपर्यंत.
सोमवारी मी तिच्याकडे जाऊन बसले होते. घरी येऊन मागच्या दगडावर डोक्यावरून पाणी घेतलं. तो दगड त्यांच्या खिडकीतून दिसतो, हे आज लक्षात आलं.

१७ जानेवारी
बारा दिवस झाले. गेले.
आतल्या खोलीत बसली होती. पांढरी ओढणी, हात मोकळे. तीन-चार बायका खजुराच्या बिया मोजत काही पुटपुटत होत्या. रुकय्या म्हणाली, "बस." दुसरा शब्द नाही. पाऊण तास बसले.
फाटकापर्यंत नजमा आली. वाळपईला सासर तिचं. आईसाठी राहिली आहे.
"काकी, अम्मी म्हणटा, वयनीन आब्बाच्या नांवाचो घांस परतयलो." वयनी म्हणजे मी.
"नजमा, तसें न्हय गो. सुतक म्हूण…"
"आमच्यांत सुतक नासता, काकी."
झालं. मला वाटलं होतं, कारण सांगितलं की सुटेल. कारण तर अधिकच वाईट. धर्मामुळे परतवलं नाही, तर कशामुळे? तुमचं मरण मला विटाळ वाटलं म्हणून. हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

२० जानेवारी
वाचनालयात गेले. त्यांच्यात माणूस मेल्यावर काय करतात, त्यावर काही आहे का विचारलं. मागच्या कपाटातून एक पातळसं पुस्तक निघालं, इस्लामची ओळख करून देणारं, सोप्या मराठीत. पानं चिकटलेली. देणारी मुलगी हसली, "काकी, परीक्षेक बसतात काय?"
म्हटलं, "नापास जाल्यां. परत बसतां."
तिला कळलं नाही. बरं झालं.

२४ जानेवारी
हळदी-कुंकवाच्या बायका रस्त्याने जातायत. रथसप्तमीपर्यंत हे चालणार. मला कोणी बोलवत नाही; सवय झाली. पण या दिवसांत रुकय्या मुद्दाम चार वाजता यायची. का आली ते कधी बोलायची नाही. सुपारी कातरत बसायची, गावातल्या सगळ्यांची टर उडवायची. बायका जाऊन येऊन संपल्या की उठायची. "वयतां गो. चुलीर दूद आसा." चुलीवर दूध कधीच नसायचं.
नवरा गेल्यामुळे यंदा ती घराबाहेर पडू शकत नाही. पडू शकली असती तर आली असती का?

२९ जानेवारी
चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन ट्रकमधून येणाऱ्या जुन्या पेपरांवर. त्यामुळे हळू चालतं. एक पान, मग डोळे मिटून पडायचं.
पहिलीच गोष्ट साधी आहे: देव एकच, त्याला जन्म नाही, रूप नाही, त्याच्या जोडीला कोणी नाही, आणि महंमद त्याचे पैगंबर. हे मनापासून म्हणणं हा पाया. पुढे फरिश्ते, देवाने उतरवलेले ग्रंथ, पैगंबर, शेवटचा न्यायाचा दिवस, आणि जे घडतं ते त्याला ठाऊक असतं ही श्रद्धा. पैगंबर पुष्कळ झाले. मुसा. ईसासुद्धा, म्हणजे इगर्जीतला येशू. तो यांचाही, हे मला साठीला आले तरी माहीत नव्हतं. एकतीस वर्षं एका विहिरीचं पाणी प्यायलो. मी तिला भाजीची कृती विचारली, मुलीच्या सासरचं विचारलं. तू डोळे मिटून काय म्हणतेस, हे एकदाही विचारलं नाही.

५ फेब्रुवारी
पहाटेची बांग झाली की मी उठते. लग्न होऊन आले तेव्हापासून. घड्याळच ते माझं. आज पुस्तकात अर्थ मिळाला: नमाजकडे या, कल्याणाकडे या. पहाटे एक ओळ जास्त: झोपेपेक्षा नमाज बरी.
मी तेवढ्या हाकेवर चूल पेटवत आले.

६ फेब्रुवारी
पाच वेळा. पहाट, दुपार, तिसरा प्रहर, सूर्य बुडताना, आणि नंतर. आधी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, शेवटी पावलं. मग मक्केकडे तोंड. आपल्याकडून म्हणजे म्हापशाच्या बाजूला, समुद्राकडे.
न्हाणीत करून पाहिलं, नुसतं धुण्याचं. प्रार्थना केली नाही, ती माझी नव्हे. पाय धुताना बरं वाटलं. गुडघे दुखतात ते तसेच.

९ फेब्रुवारी, सोमवार
प्रशांतची सुट्टी. मांद्र्याच्या गेस्ट हाऊसमधली नोकरी, सोमवारी घरी येतो. पुस्तक उशाशी पाहिलं.
"आई, हे काय?"
सांगितलं सगळं.
"इतलेंच? वच आनी माफी माग."
"माफी कशाची मागूं? परतयलें ताची, काय कित्याक परतयलें ताची?"
तो फोन बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा आसतो तर जेवून आयिल्लो."
खरं आहे. हे जेवून आले असते. वर बोटं चाटली असती.

१५ फेब्रुवारी
मयताचं पान आज वाचलं. किती दिवस टाळत होते.
अंघोळ घरच्याच माणसांनी घालायची, हळू हाताने, जिवंत असल्यासारखी. तो मान समजतात. पांढरं साधं कापड, मोठ्याला आणि लहानाला सारखंच. मातीत. शेजाऱ्यांनी त्या घरी जेवण पोचवायचं. आपल्यातही तेच की. आणि म्हणायचं, आम्ही देवाचे, आणि त्याच्याकडेच परत जाणार.
विटाळ हा शब्द त्या पानावर कुठेच नाही. दोनदा शोधला.

२० फेब्रुवारी
काल रमजान लागला. सुतकात आमचे उपास-पूजा सुटतात; रुकय्याला तशी मोकळीक नाही, रोजा धरायचाच. मी आज धरून पाहिला. आमची एकादशी साबुदाण्यावर, शेंगदाण्यावर, वर चहा. यांना पाण्याचा घोटसुद्धा नाही, पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत.
अकराला पाणी प्यायले. कोणी पाहिलं नाही. पुस्तक म्हणतं, रोजा कोणी पाहत नाही म्हणूनच तो रोजा.
कळलं.

४ मार्च
कलिंगड कापून अर्धं नजमाच्या हाती दिलं, रोजा सोडायला. तिने घेतलं. "शुक्रिया, काकी." आतून काही आवाज आला नाही.
कलिंगड खाल्लं की टाकलं, विचारायला तोंड नाही. मी परतवलं, तिने नाही, एवढं खरं.
जकातीचं वाचलं. चाळिसातला एक भाग गरिबाचा. दिला तर उपकार नव्हे, त्याचाच हक्क त्याला पोचला. म्हणजे देणाऱ्याने मान वर करायची नाही. तेरा दिवस पेज देऊन पायरीवर बसायची, तेव्हा तिची मान कशी होती, आठवतंय.

१९ मार्च
पाडवा. गुढी प्रशांतने उभारली. मी जेवण केलं आणि झोपले.

२१ मार्च
ईद. एकतीस वर्षांत पहिल्यांदा शीरखुर्मा आला नाही. नवऱ्याच्या मागे पहिली ईद, गोड केलंच नसेल. किंवा केलं असेल आणि माझ्याकडे पाठवलं नसेल. दोन्हीतलं कोणतं, कळायला मार्ग नाही.
फडताळात तिचा स्टीलचा डबा आहे. डिसेंबरात त्यातून खीर आली होती. रिकामा डबा परत करत नाही आम्ही कोणीच. काय भरून देऊ, ठरत नाही.

७ एप्रिल
इद्दत. विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहायचं. नटायचं नाही, दुसरं लग्न ठरवायचं नाही. त्यांचे महिने चंद्राचे, म्हणून कालनिर्णय घेऊन बसले. तीनदा मोजलं. तेरा मे.
पुढचं वाक्य परत परत वाचलं. मुदत संपली की ती मोकळी. बाहेर जावं, चांगलं नेसावं, हवं तर लग्न करावं, त्यात तिला दोष नाही.
यांच्या दुःखाला तारीख आहे असं नव्हे. दुःख राहणारच. पण लोकांनी तिच्याकडे कसं बघायचं, त्याला तारीख आहे. माझी कुठे लिहिली आहे? चार वर्षं झाली. अबोलीचा गजरा दारावर आला की मी "नको"च म्हणत आले. फुलवाली आता विचारतही नाही.

१९ एप्रिल
नणंद आली होती. पुस्तक चाळून म्हणाली, "म्हातारपणांत हें कितें काडलां? घरांत पोथयो ना?"
"आसात. त्यो तोंडपाठ जाल्यो."
"आनी हें वाचून कितें मेळटा?"
काय सांगणार? म्हटलं, "शेजार."
तिने पुस्तक उलटं ठेवलं. चहा मात्र दोन कप प्यायली.

२ मे
हजचं शेवटचं पान. आयुष्यात एकदा, झेपत असेल त्याने. सगळे पुरुष दोन पांढऱ्या, शिवण नसलेल्या कापडांत. कोण कुठला, ओळखू येत नाही. उस्मानभाई ट्रकचं चाक बदलताना म्हणायचे, "एकदां तिका घेवन वतलों." हे विचारायचे, "मागीर ट्रक कोण हाकतलो?" "तूं आसा न्हय!"
दोघेही गेले. ट्रक कधीचा भंगारात.
पुस्तक उद्या परत करायचं. सगळं समजलं असं नाही. मोठा धर्म, पातळ पुस्तक. पण आता बांग कानावर आली की नुसता आवाज येत नाही.

१२ मे
डब्यात काय भरू? लाडू? नारळाची वडी? काहीही भरलं तरी मी देणारीच. तिने घ्यायचं, मी मोठी. ते नको.
उलटं हवं.

१४ मे, गुरुवार
काल सूर्यास्ताला मुदत संपली. आज दुपारी रिकाम्या हाताने गेले. डबा नेला नाही.
व्हरांड्यात बसली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा उजेडात पाहिली. केस किती पिकले. हिरवं लुगडं.
म्हटलं, "रुकय्या, भूक लागल्या. जेवूंक वाड."
मग म्हणाली, "आज खंयचें सुतक ना गो तुजें?"
"ना."
"न्हावन आयल्या, काय मागीर न्हातली?"
दगडावरची अंघोळ तिने पाहिलेली होती. खाली बघत म्हटलं, "चुकलें म्हजें. तुमच्या घरचें मरण म्हाका विटाळ दिसलें. आमच्या कोणाचेंय दिसतें. पूण तूं पायरेर बसताली."
तेवढ्यात दुपारची बांग झाली. "बस," म्हणाली आणि आत गेली. पाण्याचा आवाज आला. हात, तोंड, नाक. कुठपर्यंत आली ते आवाजावरून कळत होतं. पावलं. मग शांत. मी पायरीवर बसले. मुद्दाम.
बराच वेळ गेला. भांडी वाजली. तिने हाक मारली, "भितर ये. थंय कितें बसल्या?"
भात, अळसांद्यांची आमटी, कैरीचं लोणचं. जेवले. ती समोर बसून होती, ताटाकडे बघत. दुसऱ्यांदा भात वाढला, विचारलं नाही. निघताना म्हणाली, "म्हजो डबो?"
"भरून हाडटां."
"पळोवया."
एवढंच. हसली नाही.
घरी येऊन लिहिताना आठवलं. गुरुवारी मी मासळी खात नाही, ते तिला ठाऊक. तिच्याकडे एरवी माशाशिवाय दुपार होत नाही, आणि आज चुलीपाशी मासळीचा वासही नव्हता. मी जायच्या आधीच स्वयंपाक झालेला होता.
मिळाली नसेल मासळी. विचारलं नाही.