नंबरप्लेटवरची तीन अक्षरं

३ जून, सोमवार
लेक आजही नाही बोलली. डॉक्टरबाईंच्या खोलीत अर्धा तास पाय हलवत बसली. मग त्यांनी मला आत बोलावलं. "घसा ठीक आहे, डोकं ठीक आहे. तिला बोलायचं नाहीये." एवढं तर मलाही कळतं!

अपघाताला महिना होऊन गेला. गाडीत बापलेक दोघंच होती. तो जागीच गेला. हिच्या खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. आवाज मात्र त्या दिवसापासून बंद. आता नणंदेची गाडी वापरते. ही मागे बसते, पुढची सीट रिकामी.

मला रडू येत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळं बधिर झालंय. स्वयंपाक होतो. ऑफिस होतं.

५ जून, बुधवार
डॉक्टरबाई म्हणाल्या, "मागे लागू नका. तिला जे आवडायचं ते तुम्ही तिच्यासमोर करत राहा. येईल आपणहून."

काय आवडायचं? बोलायला आवडायचं! तो तिला नावानं हाक मारायचाच नाही, टकळी म्हणायचा. आणि त्या दोघांचा गाडीतला खेळ — दुसऱ्या गाडीच्या नंबरप्लेटवरची तीन अक्षरं (इकडच्या प्लेटवर एमएच वगैरे नसतं, तीनच अक्षरं) घ्यायची आणि त्याच क्रमाने ती येतील असा इंग्रजी शब्द शोधायचा. मध्ये कितीही अक्षरं येऊ देत. जितका लांब तितका भारी. त्याचं औषधांचं दुकान, त्यामुळे पठ्ठ्या औषधांची नावं घुसडायचा, हातभर लांब. ही किंचाळायची, "औषधं नाही चालणार! चीटिंग!" मी बरोबर असले की डोळे मिटून पडायचे. माझं इंग्रजी यथातथाच.

तरी बघू खेळून.

७ जून, शुक्रवार
सुरुवात केली. सिग्नलला पुढे पांढरी व्हॅन. एफ, जी, टी. मी मोठ्याने म्हटलं, "फरगेट!" सहा अक्षरं. आरशात पाहिलं तर तिची मान खाली.

घरी दूध आत ठेवताना अचानक सुचलं — रेफ्रिजरेटर! बारा! इतकी वर्षं रोज उघडतेय. धावत जाऊन तिला सांगितला. तिने दार लावून घेतलं. धाडकन नाही, हळूच.

८ जून, शनिवार
कपड्यांत त्याचा एक शर्ट निघाला. घडी करून ठेवला.

१० जून, सोमवार
नणंदेचा फोन. "वहिनी, पोरीला बोलतं कर गं. तोंडाला असं कुलूप लावून कसं चालेल?" म्हटलं, मी काय किल्ली लपवून ठेवलीय?

मग मीच घसरले. "सरळ रस्ता, कोरडा रस्ता, वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस! कुठे बघत होता कोण जाणे!" आवाज चढला होता बहुतेक. मागे वळले तर टकळी दारात उभी. जेवलीच नाही.

राग आहे माझा त्याच्यावर. लिहूनच टाकते. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय.

१२ जून, बुधवार
सकाळी डी, एस, टी. काही सुचेना. ऑफिसात शिरताना आमच्याच दारावरची पाटी दिसली — ॲडमिनिस्ट्रेशन! काखेत कळसा आणि गावाला वळसा. जागेवर बसून बोटांवर अक्षरं मोजली. साहेब म्हणाले, "कसला हिशोब चाललाय?" म्हटलं, "चौदा." ते निघून गेले. हल्ली मला पुढे कोणी काही विचारत नाही.

संध्याकाळी गाडीत तिला सांगितला. मला वाटलं, हसेल. तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले, घर येईपर्यंत.

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, "काहीतरी हललंय. चांगलं आहे." म्हणजे चालू ठेवायचं.

१४ जून, शुक्रवार
आता भांडी घासतानाही शब्द येतात. डोक्यात दुसरं काही यायला जागाच उरत नाही. बरंय.

आज तिला मी चक्क डिवचलं. "काय गं, हरलीस? आई जिंकली म्हणायची!" तो असंच चिडवायचा तिला. ती खिडकीला कपाळ टेकून बसली होती. खांदे हलत होते. चला, रडली तरी. मला तेवढंही जमत नाही.

१७ जून, सोमवार
बोलली.

शाळेच्या रस्त्यावर शेजारून ट्रक पुढे चालला होता. मी म्हटलं, "तो बघ, तो बघ! पी, एस, एल! लवकर सांग—" आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आई, पुढे बघ!" आधी कळलंच नाही कोण ओरडलं. गाडी कडेला घेतली. मग ती बोलत राहिली, घोगऱ्या आवाजात, माझ्याकडे न बघता. "मी पण बाबाला असंच म्हटलं होतं. तो बघ ना, तो ट्रक, त्याची अक्षरं बघ. तो म्हणाला, आत्ता नको टकळी. मी म्हटलं, हरलास. मग त्याने वळून बघितलं."

उतरले, मागे तिच्याजवळ जाऊन बसले. लेकरू गप्प राहून जे विसरायला बघत होतं, ते मी रोज तिच्याकडून खेळून घेत होते.