उदयनगरला आलेला फोन

देवास
१७ एप्रिल २०२५, गुरुवार

प्रिय प्रणव,

सकाळी सहाला उठले. नळ आला, पाणी भरलं. कूलरच्या जुन्या जाळ्या धुऊन अंगणात वाळत घातल्या. तुझे काका नवीन गवत आणायला बाजारात गेलेत, तिथून पेन्शनच्या कागदासाठी ऑफिसात जाणार आहेत. एक वाजेपर्यंत येणार नाहीत. वरण-भात झाला आहे. आता साडेदहा वाजलेत आणि मी लिहायला बसले आहे.

फोन करता आला असता. दोनदा लावलाही होता, पण तू ‘हॅलो’ म्हणायच्या आत मीच कापला. हिंदीत लिहिलं असतं तर तुला भरभर वाचता आलं असतं, तेही मला कळतं. पण घरातलं बोलणं मला हिंदीत लिहिता येत नाही. लहानपणी सुट्टीत तू आमच्याकडे यायचास तेव्हा काका तुला मराठी वाचायला बसवायचे आणि तू दर ओळीला अडायचास. ‘काका, ये क्या लिखा है, तुम्हीच वाचा ना,’ म्हणून पुस्तक त्यांच्या मांडीवर टाकायचास. ते वाचायचे आणि तू ऐकता ऐकता झोपायचास. आम्हाला मूल नाही, त्यामुळे घरात झोपलेलं मूल म्हटलं की मला तूच आठवतोस. हे पत्र हळू वाच. घाई नाही.

गेल्या वर्षी तीस एप्रिलला काका रिटायर झाले. पस्तीस वर्षं बिजली विभागात, आणि त्यातली अर्धी जेवणं ताटावरून उठून. कुठे लाइन तुटली की फोन, कुठे ट्रान्सफॉर्मर जळला की फोन. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला फोन बंद करून कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवला. म्हणाले, ‘आता कुठलाही खांब पडो, तो माझा नाही.’ मग इंदूरहून एक तंबू आणला, दोन घडीच्या खाटा आणल्या आणि जुन्या व्हॅनचं मागचं सीट काढलं. उन्हाळाभर छोट्या छोट्या गावांतून हिंडायचं, जिथे आवडेल तिथे मुक्काम करायचा. बरोबर एकच फोन, माझा, आणि तोही पर्समध्ये. तेरा मेला मतदान केलं आणि चौदाला निघालो.

कुणी विचारलं नाही, पण मला आवडलं होतं. पहिले सहा दिवस फार आवडलं. प्रत्येक गावातल्या ग्रिडवर, म्हणजे सबस्टेशनवर, ओळखीचं कुणीतरी होतंच. पीपलरावां गावात सबस्टेशनच्या आवारात लिंबाखाली तंबू ठोकला. पाणी होतं, दिवा होता, चौकीदार होता. ट्रान्सफॉर्मरची सारखी गुणगुण चालायची आणि काका तिच्या तालावर घोरायचे. कुठेही जायची घाई नव्हती. रस्त्यात उसाच्या रसाची गाडी दिसली की थांबायचं. मी म्हटलं, इतकं हळू तर बैलगाडीही जात नाही. तर म्हणाले, ‘बैलाला कुणाचा फोन येतो का?’

मग उदयनगर. तिथे जायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, मला सांगितलं नव्हतं एवढंच.

त्याच्या सात वर्षं आधी तुझी आजी गेली तेव्हा काका उदयनगरच्या जंगलात होते. वादळानं अकरा खांब पाडले होते. निरोप मिळाला तसे निघाले, पण धारला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादांनी, तुझ्या बाबांनी, त्यांच्यासाठी थांबायला हवं होतं. गुरुजी घाई करत होते म्हणून थांबले नाहीत. दोन तासांचा फरक. स्मशानात काका एकच वाक्य बोलले, ‘दोन तास नव्हते तुझ्याकडे?’ तू तिथेच उभा होतास. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

पण दादा माझ्याशी बोलायचे, हे तुला माहीत नसेल. महिन्यातून एकदा दुपारी फोन यायचा, सगळी चौकशी तुझ्या काकांची. बापू वेळेवर जेवतो का, गुडघा कसा आहे, चिडचिड करतो का. शेवटी म्हणायचे, ‘मी विचारलं म्हणून सांगू नकोस.’ मी सांगत नसे. आणि काकांनी कधी दादांचा विषय काढला तर तेही मी तिकडे सांगत नसे. सात वर्षं मी दोन्हीकडचं ऐकलं आणि काय सांगायचं, कधी सांगायचं, ते माझं मीच ठरवत राहिले. मला तशी सवय लागली. हे मी स्वतःला सोडवून घ्यायला म्हणत नाही.

एकोणीसच्या संध्याकाळी काका मला ते अकरा खांब दाखवायला घेऊन गेले. प्रत्येकाला हात लावून पाहिला. एकही वाकला नव्हता. परतताना म्हणाले, ‘दादानं थांबायला हवं होतं हे खरंच. पण उशीर मीच केला.’ त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग हाटातून घेतलेली चारोळीची पुडी दाखवली आणि म्हणाले, ‘दादाच्या श्रीखंडाला. घरी जाताना धारवरून जायचं.’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सहल कशासाठी होती. घरून सरळ धारला गेलं तर अडीच तासांचा रस्ता. त्यांना तो तसा जाता येत नव्हता.

तुझा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आला. मी टाकीवर पाणी भरत होते. तू म्हणालास, ‘काकू, बाबा गेले. झोपेतच. काकांना घेऊन या. बाबांनी सांगून ठेवलं होतं, बापू आल्याशिवाय मला उचलायचं नाही. आम्ही थांबतो.’ मी म्हटलं, ‘हो. निघतो.’ हे मी खरंच म्हटलं होतं आणि तसंच करणार होते.

कळशी घेऊन तंबूकडे आले. तंबूच्या दोरीला आरसा लटकवून काका दाढी करत होते आणि गाणं म्हणत होते. तिथला लाइनमन शालिग्राम मला म्हणाला, ‘भाभीजी, साब तो गाना गा रिये हैं, इत्ते साल में पेली बार सुना.’ काकांनी मला आरशातच पाहिलं आणि विचारलं, ‘दारात गेल्यावर काय म्हणू? दादा, चहा टाक, एवढंच म्हणू? की आधी पाया पडू? तू सांग ना.’ गालाला साबण होता. प्रणव, मी म्हटलं, ‘आधी पाया पडा.’

एवढं बोलून झाल्यावर मला दुसरं बोलता येईना. वाटलं, चहा पिऊ देत, मग सांगू. चहा झाला. वाटलं, तंबू आवरू देत. मग व्हॅनमध्ये बसलो आणि घाट लागला. मला गाडी येत नाही. हे ऐकून त्यांनी घाटात गाडी कशी चालवली असती? म्हटलं, खाली उतरल्यावर सांगू. खाली उतरल्यावर ते मंडलेश्वरला नदीकाठच्या खरबुजांपाशी थांबले. चाळीस खरबुजं हुंगली असतील. कच्चंच एक घेतलं, म्हणाले, ‘दादाला अगदी नेमकं पिकलेलं लागतं.’ मी व्हॅनमध्ये बसून घड्याळ बघत होते. तीन वाजले होते. अजूनही सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पोचलो असतो. पण सकाळपासून का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं असतं. आणि दुसऱ्यांदा उशीर झाला असता तर तो माझ्यामुळे. तेव्हा मी तुला तो मेसेज केला. ‘काकांना यायला जमत नाही. थांबू नका.’

तो मेसेज त्यांचा नव्हता. माझा होता. ते तेव्हा समोर उभे राहून खरबूजवाल्याशी भाव करत होते.

त्यानंतर धामनोदला सहा रात्री राहिलो. त्यांच्या ओळखीच्या एका ढाब्यामागे मोकळी जागा होती, तिथे तंबू. पलीकडे हायवे, ट्रक थांबतच नाहीत. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन. काका रोज सकाळी खरबूज दाबून बघायचे आणि म्हणायचे, ‘अजून एक दिवस.’ तेही टाळत होते, मीही टाळत होते. बाहेर एवढा उघडा माळ आणि मला जायला जागा नव्हती. तंबूत ते, व्हॅनमध्ये ते, खाटेवर हात लांब केला तरी ते.

पहिल्याच संध्याकाळी मी ढाब्याच्या नळाखाली नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. काकांना वाटलं, उकडतंय म्हणून. तुझ्या आजीनं मला शिकवलं होतं, सुतक गेल्या वेळेपासून धरायचं नाही, ऐकल्यापासून धरायचं, दहातले जेवढे दिवस उरले असतील तेवढे. मी ऐकलं होतं, म्हणून मी धरलं. त्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं सुरूच झालं नव्हतं. त्या नियमाला मी किती घट्ट धरून बसले ते आता आठवलं की लाज वाटते. एका तंबूत दोन हातांच्या अंतरावर मी सुतकात आणि ते नाहीत. व्हॅनमधल्या गणपतीला मी रोज फूल वाहायची, ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘आज फूल नाही?’ मी म्हटलं, मिळालं नाही. तर स्वतः जाऊन कुठूनतरी कण्हेरीचं घेऊन आले आणि मला म्हणाले, ‘घे, वाहा.’ मी म्हटलं, तुम्हीच वाहा. त्यांनी वाहिलं आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, ‘बाप्पा, दादा दार उघडू दे.’

दादांसाठी मला रडताही आलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासरी मला पहिल्यांदा ‘जेवलीस का’ म्हणून विचारणारे ते होते.

सव्वीसला खरबूज पिकलं. व्हॅनभर वास होता. धारला पोचल्यावर काकांनी गल्लीच्या तोंडाशी केस विंचरले. पुढचं तू पाहिलंस. दार तू उघडलंस, तुझं मुंडन झालेलं होतं. काका खरबूज हातात धरून तसेच उभे राहिले. तू म्हणालास, ‘आता कशाला आलात?’ त्यांनी खरबूज उंबऱ्यावर ठेवलं आणि वळले. तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती. तुला वाटलं, या हट्टी माणसाला काकूनं सात दिवसांनी कसंबसं आणलं. मी तेव्हाही काही बोलले नाही.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी किल्ली लावली. मग विचारलं, ‘तुझ्या फोनवर कुणाचा फोन आला नव्हता ना?’ मी म्हटलं, ‘नाही.’

आधीचं सगळं एकवेळ भीतीनं झालं असं म्हणता येईल. हे ‘नाही’ मी समजून उमजून म्हटलं.

घरी येऊन त्यांनी अंघोळ केली, तुमच्या दारावरच्या शोकपत्रिकेत वाचलेल्या तारखेवरून दिवस मोजले आणि सुतकाचे उरलेले तीन दिवस जमिनीवर झोपून काढले. चौथ्या दिवशी कपाटातून स्वतःचा फोन काढला. आता तो सतत जवळ असतो. अंघोळीला जातानाही बाहेर स्टुलावर ठेवतात आणि आतून विचारतात, ‘वाजला का?’ कुणाची वाट बघतात, ते म्हणत नाहीत. शेजारच्या गोलूनं एकदा चेष्टेनं म्हटलं, ‘भिया, अब तो लाइन नी गिरेगी आपकी,’ तर तेही हसले. पण रात्री मला म्हणाले, ‘आईच्या वेळी थांबले नाहीत. दादाच्या वेळी प्रणवनं कळवलंही नाही. आपण काय केलं होतं त्या पोराचं?’ ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, प्रणव, दुखावलेत. आणि तू तिकडे समजतोस की बाबा दारात दिवसभर ठेवलेले असताना काका आले नाहीत. तुमच्यात जे आहे ते तुमचं नाहीच. ते माझं आहे, मी तिथे आणून ठेवलं आहे.

नऊ मेला दादांचं वर्षश्राद्ध. परवा काकांनी पंचांग काढून तिथी पाहिली आणि मिटून ठेवलं. म्हणाले, ‘बोलावल्याशिवाय कसं जायचं?’ मग जरा वेळानं, ‘व्हॅन काढू या का यंदा? दुसरीकडे कुठेतरी. धारकडे नको.’ मी ‘बरं’ म्हटलं. आणि त्या तंबूत पुन्हा त्यांच्या शेजारी, दोन हातांवर, झोपायचं, ते आता मला जमणार नाही. चारोळीची पुडी अजून डब्यात आहे.

म्हणून हे लिहिलं. तू मला माफ कर असं म्हणत नाही. या अकरा महिन्यांत मी त्यांना सांगायला किती वेळा तोंड उघडलं असेल, आणि दर वेळी जेवायला काय करू, असंच काहीतरी विचारलं. एकटीनं माझ्याच्यानं होणार नाही. तेव्हा असं कर. तुला या अक्षराची अडचण येईलच. रविवारी सकाळची बस पकड, हे पत्र बरोबर घे, आणि लहानपणी करायचास तसं त्यांच्या मांडीवर ठेव. म्हण, काका, वाचता येत नाही, तुम्हीच वाचा. ते पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचतील, त्यांची पद्धतच तशी आहे. तुम्ही दोघं एकदमच ऐका. मी आतच असेन. डिंकाची बाटली वाळून गेली आहे, भाताची दोन शितं घेऊन पाकीट चिकटवते आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. आल्यावर जाळ्या उलट्या करायच्या आहेत, एका बाजूनं वाळल्या असतील.

तुझीच,
वासंतीकाकू