रंग न भरलेल्या बशा

अरिता, २ नोव्हेंबर

प्रिय आईस फुमिएचा वाकून नमस्कार.

मी नीट पोचले. मिचिरु, आईला सावकाश वाचून दाखव गं, आणि तिच्या डोळ्यांत औषध घालायला विसरू नकोस.

बाबांच्या अस्थी काल टेकडीवरच्या थडग्यात ठेवल्या. शेवटी फारसा त्रास झाला नाही म्हणतात. जेवायचेही वेळेवर, म्हणे.

आज त्यांची कामाची खोली उघडली. फळ्यांवर दीडशेच्या वर बशा निघाल्या. सगळ्यांवर शेवंतीच्या नुसत्या रेषा, निळा रंग एकीतही नाही. इथे एकाने रेषा काढायच्या आणि दुसऱ्याने रंग भरायचा, हे तुला काय सांगायचं? पण तू चिडून निघून गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली.

शेजारच्या त्सुरुयोकाकू म्हणाल्या, "कितीदा म्हटलं, आण इकडे, मी भरते. तर खेकसला माझ्यावर, 'तुझा हात जड आहे. ती येईल, ती भरेल.' हटवादी कुठला!" आणि रडायलाच लागल्या.

मी एक भरून पाहिली. सगळा रंग रेषेबाहेर गेला.

आई, तुला दिसेनासं झालंय हे बाबांना कळवू नकोस, अशी तू शपथ घातली होतीस. मी पाळली. तुझा राग गेला नाही, असंच ते समजत राहिले.

तुझा रंग भरायचा ब्रश खिळ्याला टांगलेला होता. बाबा तो रोज धुवायचे, म्हणे. घेऊन येते आहे. हातात धरून बघ, अजून मऊ आहे.

तुझीच,
फुमिए