अमरदीप कुणाकुणाला जामीन आहे

निपाणी

प्रिय मित्र भरमू यास,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, वहिनींचं पथ्य सुरू आहे का आणि पिरनवाडीत लेकीच्या घरी तुला टीव्हीचा आवाज वाढवू देतात का, ते सविस्तर कळव. इकडे सगळं ठीक. माझा घसा बसला आहे, त्यामुळे घरची मंडळी प्रसन्न आहेत.

पत्रास कारण विशेष काही नाही. सकाळी वखारीकडून तंबाखूचा वास आला आणि आपली जांबोटीची सभा आठवली. एसटीच्या टपावर तुझे लाउडस्पीकरचे कर्णे, पुढं फाट्यापासून ते डोक्यावर घेऊन चिखलातून चाल, आणि मी बोलायला उभा राहिलो तसा पाऊस. छत्री एकच. ती तू अ‍ॅम्प्लिफायरवर धरलीस, माझ्यावर नाही. (मी ते अजून विसरलेलो नाही.) त्या दिवशी मी काय बोललो होतो, आठवतं? आपल्या आजोबांचे अंगठे दुसऱ्यांनी धरून कागदावर उठवले. आपल्याला सही येते, ती वाचल्याशिवाय करू नका! टाळ्यांनी आजूबाजूच्या घरांचे पत्रे हादरले होते. हे भाषण मी बेळगावपासून चिकोडीपर्यंत केलं. घरात तेवढं करायचं राहिलं.

आमच्या अमरदीपची संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झाली, हे तुला कळलंच असेल. तिथं गुपितं सांभाळायची असतात, म्हणून रुजू होण्याआधी माणसाची कसून पडताळणी होते. त्यासाठी परवा एक अधिकारी घरी आला. हुबळीकडचा, सभ्य माणूस. मी त्याच्याशी राज्यघटनेवर थोडंसं बोललो. (चहा दोनदा गरम करावा लागला.) मग तो म्हणाला, आता जरा शेजाऱ्यांना विचारतो. आणि तिथंच घात झाला.

सुलाआक्का दारातच बसली होती. पोराचं भलं व्हावं म्हणून तिनं सुरुवात केली. "लई गुणाचं पोरगं, सायब. कुणाला न्हाय म्हणत न्हाय. आण्णाप्पाच्या म्हशीला जामीन ऱ्हायला, सूरजच्या रिक्षाला ऱ्हायला, भरमूच्या स्पीकरलाबी ऱ्हायला!" समोरून मष्णू ओरडला, "माझी शिलाई मशीन सांग की गं आक्का! तिला काय धोंडा जामीन ऱ्हायलाय व्हय?" आपल्या गल्लीत जामीन राहणं म्हणजे लग्नात फेटा बांधून घेण्याइतकं मानाचं, ज्याला कुणी जामीन राहायला बोलावत नाही त्याला माणसांत धरत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? तो लिहीत राहिला आणि गल्ली सांगत राहिली. अमरदीपनं अर्जात 'कर्ज नाही' असं लिहिलं होतं. त्याच्या मते जामीनकी हे कर्ज नव्हेच, तो मानपान.

सगळी कर्जं फिटलीत, एक सोडून. कुणाचं, ते मी लिहीत नाही. स्पीकरचं.

अधिकाऱ्यानं मला शांतपणे समजावलं. कर्ज असणं हा गुन्हा नाही. पण थकलेलं कर्ज तसंच लोंबकळत ठेवलं, की त्या माणसावर कुणीही दाब आणू शकतो, आमिष दाखवू शकतो. त्यात अर्जात सांगितलेलंही नाही. मी म्हणालो, माझा पोरगा विकला जाणारा नव्हे! यावर मी बराच वेळ बोललो. तो म्हणाला, "सर, छान बोलता. महिनाअखेरपर्यंत कर्ज देणाऱ्या सोसायटीचा कागद द्या." तोडगा निघाल्याचं लेखी मिळालं तर विचार होईल, नाहीतर नोकरी गेली.

पोरगं म्हणतं, पगार सुरू झाला की मीच भरतो. पगार पडताळणीनंतर, आणि पडताळणी कर्जानंतर! माझी पेन्शन पुस्तकांनी खाल्ली, ते तू जाणतोसच. तुला कळवू म्हटलं तर माझ्यावरच चिडला. "भरमूकाकांना एक शब्द बोलायचा नाही, बाबा. त्यांच्या खांद्यावर बसून मी तुमच्या सभा बघितल्यात." मी कबूल केलं. म्हणून बोलत नाही, लिहितो आहे.

असो. वहिनींना जयभीम सांग, नातवंडांना पाढे पाठ करायला लाव.

तुझा,
बुद्धप्रिय

ता. क. जुने कर्णे भंगारात घालू नकोस. त्यांच्यातून माझा आवाज जसा यायचा तसा नव्या डब्यांतून कधी आला नाही.

दुसरा ता. क. आता मुद्दा. सोमवारी निपाणीला ये. सोसायटीचे चेअरमन हप्ते बांधून द्यायला तयार आहेत. सगळे पैसे आणू नकोस (आणशील अशी भीती नाही), पहिल्या हप्त्यापुरते आण. वरातीतले मोठे आवाज बंद झाले आणि तुझा धंदा बसला, हे मला दिसतं रे. मनात काही धरू नकोस.

तिसरा ता. क. चेअरमनची एक अट आहे. अमरदीपचं नाव काढायचं तर त्याच्या जागी नवा जामीनदार हवा. गल्लीत विचारून पाहिलं. पण परवापासून प्रत्येकाच्या पोराला सरकारी नोकरी लागायची आहे. तेव्हा तुला मीच जामीन राहतो आहे. वेळेवर ये. तू उशीर केलास, तर मला तो कागद वाचायला वेळ मिळेल.