खिडकीसमोरचा ऱ्होडोडेंड्रॉन

बोरोस, स्वीडन
१८ जानेवारी १९७६

चि. तौनो यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. बोटीत कुणीतरी रात्रभर अकॉर्डियन वाजवत होतं, त्यामुळे झोपेच्या नावाने शंखच. रायलीचं बाळ गुटगुटीत आहे, नाक मात्र बिचाऱ्याने आपल्या घराण्याचं घेतलंय. रायली कापडगिरणीत सकाळच्या पाळीला जाते, जावई दुपारच्या, आणि मी पाळण्याशी. इथल्या गोड पावात वेलदोडा औषधालाही नसतो. शेवटी काल मीच पीठ मळलं. जावयाने उभ्या उभ्या अर्धा ट्रे संपवला आणि मग म्हणाला की स्वीडनचा पावही काही वाईट नसतो.

आता कामाचं बोलते. छतावरचा बर्फ ओढायला गावात कुणीही मिळालं असतं. घर मी तुझ्यावर सोडलंय ते त्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी. आम्ही नवराबायकोने बी पेरलं तेव्हा लोक हसले होते, आपल्या थंडीत बारमाही हिरवं झुडूप कसलं लावता म्हणून. खोकंभर रोपांतलं हे एवढंच तगलं. ते पहिल्यांदा फुललं त्या जूनमध्ये तू आणि मी आजारी ओइवाचा पलंग ओढून खिडकीशी नेला होता, आठवतं ना? फुलं गळायच्या आत तो गेला. तेव्हापासून मी सकाळची कॉफी त्याच खिडकीत घेते.

तर नीट ऐक. थंडी ते सोसतं. घात करतो तो मार्च महिना. खाली जमीन गोठलेली, मुळांना थेंब मिळत नाही, आणि वरून ऊन तापतं. पानं फांदीवरच वाळून जातात. म्हणून मार्च लागताच दक्षिणेच्या अंगाने खांब ठोकून पोती बांध, आणि जमीन मोकळी होईपर्यंत काढू नकोस. साउनाच्या भट्टीतली राख त्याच्या आसपासही फिरकता कामा नये. सफरचंदाला चालते म्हणून सगळ्यांनाच चालते असं नाही, याला आंबट माती लागते.

पायात लोकरीचे मोजे घालत जा, आणि या बहिणीवरची माया स्वीडनपर्यंत पोहोचेल एवढी असू दे.
तुझी,
हिल्काताई


हान्हिमाकी
२२ फेब्रुवारी १९७६

ती. हिल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चर्चच्या नव्या सभागृहाच्या समितीचा अध्यक्ष झाल्यापासून मला नाक खाजवायला फुरसत नाही. पण बाहेरून गिलावा झालाय, पांढराशुभ्र, आणि लांबून रस्त्यावरून दिसतो. तेरा जूनला स्वतः बिशप उद्घाटनाला येणार! पाद्रींच्या पत्नीला फक्त अंगणाची चिंता आहे. इमारत एवढी देखणी आणि समोर सगळं ओकंबोकं, असं त्या सारखं म्हणतात.

तुझ्या छतावरचा बर्फ दोनदा ओढला. थंडी उणे अठ्ठावीसवर गेलीय. पण तुझं झाड मजेत आहे. काल सकाळीच पाहिलं, पानं तळहातासारखी पसरलेली, हिरवीगार. थंडीचा पत्ताच नाही त्याला.

गावात सगळे म्हणतात की हिल्का आता काही परत येत नाही. मलाही वाटतं, लेकीपाशी सुखात आहेस, इथल्या रिकाम्या घरात काय ठेवलंय? रागावू नकोस, आपलं विचारलं.

बाळाला मामाआजोबांचा पापा. धाकट्यावर लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझा,
तौनो


बोरोस
२ मार्च १९७६

चि. तौनो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही. उणे अठ्ठावीसमध्ये ऱ्होडोची पानं पसरलेली? अरे, गारठ्यात ती खाली लोंबतात आणि सिगारसारखी गुंडाळतात, हे आपल्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ओइवा तर सकाळी थर्मामीटर न बघता पानं बघायचा आणि त्यावरून टोपी कुठली घालायची ते ठरवायचा. तू त्या बाजूला फिरकलाच नाहीस, आळश्या. मला खूश करायला ठोकून दिलंस. लहानपणी गायींना पाणी पाजलं म्हणून असंच सांगायचास.

थाप एकदा माफ. पण आता खरंच जा, बघ आणि पोती बांध. मार्च सुरू झालाय.

आणि गावाला सांग, हिल्का जुलैत परत येतेय. रायलीला तेव्हा पाळणाघरात जागा मिळणार आहे. रिकामं घर म्हणू नकोस त्याला. मी त्यात राहते.

रागावले असले तरी बहीण तुझीच आहे, हे ध्यानात असावं.
हिल्काताई


हान्हिमाकी
१४ मार्च १९७६

ती. हिल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. पुरतं उजाडलं नव्हतं आणि मी फाटकातूनच बघितलं होतं. तुझ्यासमोर माझी कुठली डाळ शिजायला.

पोती काल बांधली. चार खांब ठोकले, तुझ्या कोठारातली बटाट्याची पोती घेतली आणि सुतळीने घट्ट आवळली. आता निश्चिंत राहा. पत्र आटोपतं घेतो, समितीची बैठक आहे.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
तौनो


हान्हिमाकी
२० एप्रिल १९७६

प्रिय हिल्कावहिनीस,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या शुभेच्छा. खरं तर हे पत्र लिहायची मला बंदी आहे. तौनोने सगळ्यांना बजावलंय की हिल्काला आभाराचं एक अक्षर कळवायचं नाही, कौतुक केलेलं तिला खपत नाही. तुझा स्वभाव माहीत असल्याने आम्हीही गप्प बसलो. पण मी ओइवाची बहीण आहे, मला किती दिवस गप्प बसवेल?

वहिनी, फार मोठ्या मनाचं काम केलंस. फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाड हलवलं तेव्हा अर्धं गाव श्रमदानाला होतं. तौनोने जानेवारीतच भोवती चर खणून मुळांचा गड्डा गोठू दिला होता. मग पहारी घालून सगळ्यांनी तो अख्खाच्या अख्खा घसरगाडीवर चढवला आणि ट्रॅक्टरने सभागृहाच्या दारात नेला. मी वाटाण्याचं सूप केलं होतं, भलं मोठं पातेलं. पाद्रीबाईंनी तुझ्या नावाने प्रार्थना म्हटली आणि आम्ही बायका रडलो. खरं सांगते, पहिले दोन दिवस मी तुझ्यावर रुसले होते. भावाच्या खिडकीसमोरचं झाड द्यायचं तर मला आधी एका शब्दाने विचारायला हवं होतंस, असं वाटलं. मग म्हटलं, तू मनावर दगड ठेवून दिलं असशील, त्यात मी कशाला भर घालू.

एक गोष्ट मात्र खटकते. झाड पांढऱ्या भिंतीपुढे, भर उन्हात आहे, आणि उन्हाकडची पानं तपकिरी पडलीत. मी मार्चमध्येच पोती घेऊन गेले होते. तौनो म्हणाला की नव्या इमारतीसमोर ती लक्तरं दिसतील, आणि तूच पत्रातून पोती नकोत असं कळवलंयस. तू म्हणतेस म्हटल्यावर मी परत आले. पण खरंच असं कळवलंस का गं?

बाळाचा फोटो पाठव. नणंदेची आठवण राहू दे.
तुझी,
सिल्वी


बोरोस
२७ एप्रिल १९७६

तौनो,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

सिल्वीचं पत्र आलं. ती माझे आभार मानते आहे. मी ते पाळण्याशी उभी राहून वाचलं आणि बाळ रडत होतं तरी मला ऐकू आलं नाही. मी तिकडून निघाले तेव्हा चर खणायचं तुझ्या मनात होतं का? तूच मला बसस्टॉपवर सोडायला आला होतास, माझी ट्रंक उचललीस, काळजी करू नकोस म्हणालास. मग मला दोन पत्रं लिहिलीस. चार खांब, बटाट्याची पोती, घट्ट आवळलेली सुतळी! कुणाभोवती आवळलीस रे, भोकाभोवती?

झाड नेलंस ते एक. माझ्या तोंडून दान वदवलंस, माझ्या नावाने पोती नाकारलीस, आणि मला कुणी लिहू नये म्हणून माझाच स्वभाव पुढे केलास. परका माणूस हे करू शकला नसता. त्याला मी एवढी माहीत नसते.

आता झाडाचं ऐक, त्याने काही पाप केलेलं नाही. आजच्या आज पोती बांध, लक्तरं दिसली तर दिसू देत. मुळांवर कोमट पाणी घाल, रोज थोडं, म्हणजे खालची जमीन सुटेल. गिलाव्याचा चुना पडला असेल तर वरची माती खरवडून काढ आणि पाइनच्या गळलेल्या पानांच्या सुया पसर. तपकिरी फांद्या छाटू नकोस, जूनमध्ये कुठून फुटतंय ते आधी बघ. सिल्वीला मदतीला घे, तिला कळतं. आणि ते परत माझ्याकडे आणायचा विचारही करू नकोस. वर्षात दोनदा उपटलं तर ते मरेल. म्हणजे ते आता तिथेच राहणार. हे तुला आधीच ठाऊक होतं, होय ना?

माझं मागणं एकच आहे. तेरा जूनला बिशपसमोर, गावासमोर उभा राहा आणि सांग की हिल्काने हे दिलं नाही, मी तिला न विचारता नेलं. एवढं एक वाक्य. ते बोललास तर मी तुझी बहीण आहे आणि झाडही आनंदाने दिलं म्हणेन. नाही बोललास तर मला भाऊ नाही. तोवर मी सिल्वीला काही कळवणार नाही, तुला तेवढी सवड देते.

हिल्का


हान्हिमाकी
८ मे १९७६

ती. हिल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा खिशातून काढलं आणि परत ठेवलं. पोती बांधलीत. कोमट पाणी घालतो, सुया पसरल्यात. सिल्वी म्हणते की उत्तरेकडच्या कळ्या जिवंत आहेत.

चुकलो. पण ताई, मलाही समजून घे. पाद्रीबाईंनी बैठकीत विचारलं की अंगणासाठी कुणाला काही सुचतंय का, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या ताईचं झाड आहे, ती देईल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर मी हिल्काचा भाऊ, ओइवाचा मेहुणा. स्वतःचं असं मी या गावात काय केलंय? एकदा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला शब्द मागे घेता आला नाही. तुला विचारायचं होतं, पण तू नाही म्हणाली असतीस. वाटलं, तू परत येत नाहीसच, आणि आलीस तर तोवर राग निवळेल.

तेरा तारखेला सांगेन. शब्द देतो. आईची शपथ घेऊन लिहितोय. तेवढा वेळ मला भाऊ म्हण.

तुझा,
तौनो


हान्हिमाकी
१५ जून १९७६

प्रिय हिल्कावहिनीस,
सप्रेम नमस्कार.

तू यायला हवी होतीस! निम्मं झाड फुललं. दक्षिणेची बाजू काड्या झालीय, पण उत्तरेकडे एवढे गेंद आले की बिशपसाहेब आत जायच्या आधी तिथेच थांबले. आत गुलाबी, कडेला जवळजवळ पांढरी, तशीच फुलं. मला ओइवा दिसला.

आणि आपला तौनो! भाषणाला उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला की या झाडाबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. त्याने टोपी दोन्ही हातांत पिळली, बिशपकडे पाहिलं, पाद्रीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाला की माझ्या बहिणीने काळजाचा तुकडा या गावाला दिला, आणि ढसाढसा रडला. वहिनी, कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. बिशपनी त्याला मिठी मारली आणि म्हणाले की असा भाऊ असणं हे त्या बहिणीचं भाग्य. नंतर कॉफीला जो तो त्याच्याशी हात मिळवत होता. त्या दिवशी मला कळलं की तुम्हा दोघांत केवढी माया आहे.

जुलैत येशील तेव्हा आपण दोघी तिथे बाकावर बसू. नणंदेवर जीव आहे तसा असू दे.
तुझी,
सिल्वी


बोरोस
२२ जून १९७६

श्री. तौनो यांस,
स. न. वि. वि.

सभागृहाचं उद्घाटन थाटात झाल्याचं कळलं. झाड अर्धं जगलं, हेही कळलं. सांगितलेली कामं केलीत, त्याबद्दल आभारी आहे. हिवाळ्याआधी जमीन गोठेपर्यंत त्याला भरपूर पाणी लागतं. ते यापुढे सिल्वी घालेल, तुम्ही तसदी घेऊ नये.

सिल्वीला मी सगळं खरं लिहिलं आहे. ओइवाच्या बहिणीचा तेवढा हक्क आहे. गावाला मी काही सांगणार नाही. कुणी आभार मानले तर मान हलवीन. त्या टाळ्या तुमच्या आहेत, तुम्हीच सांभाळा.

मी दहा जुलैच्या गाडीने येते आहे. बसस्टॉपवर येऊ नये. माझ्या घराची किल्ली सिल्वीकडे पोहोचती करावी.

हिल्का